घरी शिकणारी मुले आणि गावचे शिवार
सामुदायिक शिवारफेरी कशी योजावी? भिवापूरच्या मिरचीच्या निमित्ताने काही विचार व सूचना

पौष-माघाच्या सुमारास नागपूरहून उमरेडमार्गे भिवापूरकडे यावे. थंडी अजून ओसरलेली नसते. खळ्यावर वाळत घातलेल्या मिरचीचा उग्र वास दुरूनच नाकाला जाणवू लागतो. त्या वासाने नवख्या माणसाला ठसका लागतो. गावच्या माणसाला मात्र वर्षभराच्या कष्टाचा हिशेब आठवतो. भिवापूरच्या मिरचीस भौगोलिक मानांकन लाभले आहे, म्हणजेच या मातीत व या माणसांच्या हातून पिकलेल्या वाणाचे वेगळेपण कायद्याने मान्य झाले आहे. परंतु रोगराई, बदलते हवामान, मजुरीचा वाढता खर्च आणि अधिक उत्पन्न देणारे संकरित वाण यांच्यापुढे हा जुना वाण मागे हटत आला, हेही तितकेच खरे आहे. त्याचे बियाणे कसे राखावे, कोणते फळ बियांसाठी निवडावे, कोणत्या दिवशी तोडणी करावी, हे ज्ञान आज मुख्यतः वडीलधाऱ्या शेतकऱ्यांच्या व शेतकरी स्त्रियांच्या अनुभवात साठलेले आहे. ते कोणी विचारावयास आले नाही, तर त्यांच्याबरोबरच संपेल.

असे विचारावयास येणारा एक नवा वर्ग अलीकडे तयार होत आहे. पुणे, मुंबई, नागपूर यांसारख्या शहरांतील काही कुटुंबे आपल्या मुलांना नित्याच्या शाळेत न पाठवता घरीच शिकवितात. ही संख्या मोठी नाही. पण ही कुटुंबे एकमेकांच्या संपर्कात असतात आणि ‘स्वशिक्षण’ या नावाची त्यांची एक संघटनाही आहे. चार भिंतींची शाळा त्यांनी सोडलेली असल्यामुळे शेत, बाजार, तलाव, कारखाना, जुने अवशेष अशा ठिकाणी एकत्र जाऊन शिकण्याची त्यांना गरज भासते. अशी आठ-दहा कुटुंबे मिळून एखाद्या गावाला भेट देण्याची इच्छा प्रकट करतात, तेव्हा ते पत्र किंवा तो निरोप बहुधा ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याकडेच येतो. त्याने काय करावे, शेतकऱ्याने काय अपेक्षावे आणि गावाने काय सांभाळावे, याचा विचार या लेखात केला आहे.

प्रथम एका शंकेचे निरसन

ग्रामकार्यकर्त्याच्या मनात येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. ‘आम्ही घरोघर फिरून मुलांना शाळेत आणतो आणि ज्यांनी आपली मुले शाळेतून काढली त्यांचेच स्वागत करावयाचे काय?’ ही शंका प्रामाणिक आहे व तिचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

मुलाला घरी शिकविणे आणि मुलाला घरी ठेवणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. ज्या घरात आईवडील रोज काही तास मुलाबरोबर बसतात, पुस्तके आणतात, त्याच्या प्रश्नांचा पाठपुरावा करतात, त्या घरात शिक्षण चालू असते. जे मूल धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी किंवा मजुरीस हात लावण्यासाठी घरी थांबते, त्याचे शिक्षण बंद पडलेले असते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलास त्याने शिक्षणाचा हक्क दिला आहे. घरच्या शिक्षणाचा त्यात वेगळा उल्लेख नाही. घरी शिकणारी अनेक मुले पुढे १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत परीक्षा देतात. तेथे माध्यमिक परीक्षेच्या प्रवेशासाठी वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात.

म्हणून अशा कुटुंबांच्या भेटीमुळे गावात चुकीचा समज पसरणार नाही, याची काळजी कार्यकर्त्याने घ्यावी. ‘शहरातले शिकलेले लोकच शाळा सोडतात, मग आमच्या पोरीने कशाला जावे?’ असे एखादा पालक म्हणाला, तर त्याला फरक समजावून सांगावा. गावची शाळा हा गरीब घरातील मुलाचा सर्वांत भक्कम आधार आहे. शिवारफेरी ही शाळेच्या जागी ठेवावयाची वस्तू नव्हे. उलट, सुटीच्या दिवशी फेरी ठेवून गावच्या शाळेतील मुलांनाही तीत सामील करून घेतले, तर दोन्ही बाजूंच्या मुलांचा लाभ होतो. तो कसा, ते पुढे येईल.

ही कल्पना आपल्या भूमीतील आहे

काम करता करता व प्रत्यक्ष पाहून शिकावे, हा विचार विदर्भास परका नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या शिक्षणाची योजना मांडली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिला रूप दिले आणि सेवाग्राम येथे ‘नई तालीम’ची शाळा उभी राहिली. कापसापासून सुतापर्यंतच्या वाटेवर गणित, भूगोल व इतिहास शिकता येतो, हे त्या प्रयोगाने दाखविले. तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या किनारपट्टीत बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच दिशेने आणखी एक पाऊल टाकले. गुरे चारणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यावी, असे ठरवून त्यांनी ‘कुरणशाळा’ चालविली.

शेती विस्ताराच्या कार्यात आपणही हेच करीत आलो आहोत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात भरणाऱ्या शिवारफेरीस दूरदूरचे शेतकरी येतात. पुस्तकातील माहितीपेक्षा शेजारच्या ताटव्यातील पीक डोळ्यांनी पाहिले, म्हणजे त्यांची खात्री पटते. मोठ्यांस जे लागू, तेच लहानांस. इंग्लंडमध्ये २००६ पासून वर्षातील एका रविवारी शेतकरी आपली शेते सर्व लोकांना खुली करतात, यामागील हेतूही हाच आहे.

सहल आणि शिवारफेरी यांतील अंतर

तरीही सर्वच भेटी फलदायी होत नाहीत. पुष्कळदा असे घडते : एक मोठी गाडी येते. मुले उतरतात, धावतात, चार झाडे तुडवितात. पालक छायाचित्रे काढतात. शेतकरी हातातले काम टाकून उभा राहतो. त्याला कोणी काही विचारीत नाही, आणि विचारले तरी उत्तर पुरे होण्यापूर्वी ‘चला, पुढे जायचे आहे’ अशी हाक येते. एका दिवसात शेत, तलाव, अभयारण्य, मंदिर असे सर्व काही उरकले जाते. संध्याकाळी मुलांना विचारावे, तर दुपारच्या जेवणात काय होते एवढेच नीट आठवते. इकडे शेतकऱ्याचा अर्धा दिवस बुडालेला असतो आणि ‘हे लोक आपल्याला पाहायला आले होते की आपल्या कामाला?’ असा सल त्याच्या मनात राहतो.

हे टाळावयाचे असेल, तर तीन गोष्टींचा आग्रह धरावा : एक शेत, एक प्रश्न आणि दोन फेऱ्या. दहा ठिकाणांस एकदा भेट देण्यापेक्षा एकाच शेतास दोनदा भेट देणे अधिक मोलाचे असते. पीक ही काळाच्या ओघात घडणारी गोष्ट आहे. तिचा एकच क्षण पाहून ती समजत नाही. श्रावणात ज्या मुलाने चिखलात उभे राहून मिरचीचे रोप लावले, तेच मूल पौषात त्याच वाफ्यावर लाल फळ तोडावयास आले, म्हणजे मधल्या पाच महिन्यांत काय घडले हे विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. ‘काका, मी लावलेली ओळ कोठे आहे? त्यातली तीन झाडे का गेली?’ हा प्रश्न खरा. त्याच्या उत्तरात चुरडा-मुरड्याची, फुलकिड्यांची, पावसाच्या खंडाची सारी कथा येते.

पूर्वतयारी

१. पत्रव्यवहार. भेटीच्या निदान महिनाभर आधी पालकांपैकी एका व्यक्तीस प्रमुख नेमावयास सांगावे व सर्व बोलणे तिच्याशीच करावे. मुलांची संख्या, वये, कोणास कसली ॲलर्जी अगर दमा आहे काय, ही माहिती लेखी मागवावी. मिरचीच्या खळ्यावर दम्याच्या मुलास त्रास होऊ शकतो. त्याची योजना आधीच करावी लागते.

२. संख्या. एका वेळी वीसपेक्षा अधिक मुले घेऊ नयेत. शाळेच्या सहलीत एका वयाची मुले असतात. येथे मात्र चार वर्षांच्या बालकापासून पंधरा वर्षांच्या मुलीपर्यंत सर्व एकत्र येतात, आणि आईवडीलही बरोबर असतात. ही अडचण न मानता सोय मानावी. पाच-सहा मुलांची, लहानमोठ्यांची मिळून टोळी करावी व प्रत्येक टोळीबरोबर एक जाणता माणूस द्यावा. लहानांनी फुले व फळे मोजावीत, मधल्यांनी वजन-माप करावे, थोरांनी खर्च विचारून लिहून घ्यावा.

३. शेतकऱ्याची निवड. सर्वांत मोठे शेत असलेला शेतकरी निवडावा असे नाही. ज्यास सांगण्याची हौस आहे व ज्याच्या घरातील स्त्रियाही मोकळेपणाने बोलतील, असे घर निवडावे. बियाणे राखणे, निवडणे, वाळविणे ही कामे बहुतांशी स्त्रियांच्या हाती असतात. त्यांस चहापाण्याच्या व्यवस्थेत गुंतवून पुरुषांनीच बोलावे, असे होऊ देऊ नये.

४. मोबदला. शेतकऱ्याचा वेळ फुकटचा नाही. त्या दिवशी तो या मुलांचा शिक्षक असतो. निदान बुडालेल्या मजुरीइतके मानधन, तोडलेल्या मालाची किंमत व जेवणाचा वेगळा खर्च हे सर्व आधीच ठरवून पालकांस कळवावे. जेवण गावातील महिला बचत गटाकडे सोपवावे. संकोचामुळे पैशाचे बोलणे टाळले, तर पहिली भेट गोड होते आणि दुसरी होतच नाही. ज्या शेतकऱ्यास असे पाहुणे नियमाने बोलवावयाचे असतील, त्याने राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाची माहिती पर्यटन विभागाकडून घ्यावी.

ऋतूची निवड

विदर्भात चैत्र-वैशाखातील ऊन मुलांस मानवणारे नाही. त्या काळात फेरी ठेवूच नये. पहिली फेरी रोपांच्या लागणीच्या वेळी, म्हणजे जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टमध्ये ठेवावी. आभाळ गरजू लागताच शेत सोडून पक्क्या घरात यावे. झाडाखाली कधीही थांबू नये. दुसरी फेरी लाल मिरचीच्या तोडणीच्या व वाळवणीच्या हंगामात, डिसेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत केव्हाही ठेवावी. दोन्ही वेळी सकाळी लवकर आरंभ करावा आणि दुपारी बारानंतर मुलांना सावलीत आणावे.

पूर्वी नागपूरहून भिवापूरमार्गे नागभीडला जाणारी अरुंद मापाची छोटी रेल्वे होती. रुंदीकरणासाठी ती २०१९ साली बंद करण्यात आली. या गाडीच्या आठवणी गावातील वडीलधाऱ्यांजवळ पुष्कळ आहेत. दुपारच्या विश्रांतीत एखाद्या आजोबांस त्या सांगावयास बसविले, तर मुलांस इतिहासाचा एक जिवंत पाठ मिळतो आणि आजोबांचीही दुपार सुखात जाते.

शेतात काय शिकवावे?

शेतकरी बंधूंना कधी कधी वाटते, ‘आम्ही काय शिकविणार? आम्ही शिकलेलो नाही.’ हा गैरसमज आहे. पुढील चार पाठ कोणत्याही मिरची उत्पादकास सहज देता येतील.

पहिला पाठ मोजणीचा. दोन ओळींत ६० सेंटिमीटर व दोन रोपांत ४५ सेंटिमीटर अंतर असेल, तर एका रोपास २,७०० चौरस सेंटिमीटर जागा मिळते. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. मग एका एकरात रोपे किती? सुमारे पंधरा हजार. हे उत्तर मुलांनी स्वतः काढावे. ते काढल्यावर, पंधरा हजार वेळा वाकावे लागते म्हणजे काय, हे त्यांनी लागण करणाऱ्या मावशीस विचारावे. मावशीचे उत्तर कोणत्याही गणिताच्या पुस्तकात सापडणार नाही.

दुसरा पाठ वाळवणीचा. दहा किलो ताजी लाल मिरची मुलांकडूनच वजन करून वेगळी ठेवावी व वाळल्यावर तिचे वजन कळवावे. ते सामान्यतः अडीच ते साडेतीन किलो भरते. उरलेले वजन कोठे गेले? पाण्यात. मिरची नीट वाळली नाही, तर तिच्यावर बुरशी धरते आणि काही बुरश्यांपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. म्हणून मिरची मातीवर न पसरता स्वच्छ ताडपत्रीवर किंवा पक्क्या खळ्यावर पातळ थरात पसरावी, वरचेवर हलवावी, दवाच्या रात्री झाकावी आणि ओलावा सुमारे दहा टक्क्यांवर येईपर्यंत वाळवावी. मुलांस हे समजावून देताना शेतकऱ्याचीही उजळणी होते, हा या पाठाचा दुहेरी लाभ.

तिसरा पाठ तिखटपणाचा. मिरची कोठे तिखट असते, असे विचारल्यास बहुतेक जण ‘बियांत’ असे सांगतात. वास्तविक तिखटपणा देणारे कॅप्सेसिन हे द्रव्य बिया ज्या पांढऱ्या गाभ्यास चिकटलेल्या असतात त्यात तयार होते. बियांस ते केवळ लागलेले असते. पाखरांस ही तिखट बाधत नाही, माणसास व इतर सस्तन प्राण्यांस बाधते. त्यामुळे पाखरे फळे खाऊन बिया दूरवर टाकतात. ही वनस्पती मुळात अमेरिका खंडातील असून पोर्तुगिजांच्या येण्यानंतर ती आपल्याकडे पसरली, हे ऐकून मुलेच काय, थोरही चकित होतात. मिरचीवाचून जेवण कसे होत असेल, हा प्रश्न मग आपोआप निघतो.

चौथा पाठ भावाचा. थोर मुलांनी बी, रोपे, खत, औषध, तोडणीची मजुरी व वाहतूक यांचा खर्च वहीत मांडावा व शेवटी बाजारात हाती किती आले ते विचारावे. शेतकऱ्याने हा हिशेब लपवू नये. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही. शहरातील मुलास अन्नाची किंमत कळण्याचा याहून सरळ मार्ग नाही.

सातऱ्यावर जाताना

भिवापूर व आसपासच्या भागात मिरचीचे सातरे असतात. मोकळ्या जागेत मिरचीचे ढीग घालून तेथे मजूर, विशेषतः स्त्रिया, देठ खुडण्याचे काम करतात. परप्रांतांतून आलेली मिरचीही येथे खुडली जाते. या ठिकाणी जाण्याची मुलांस स्वाभाविक उत्सुकता असते. पण येथे विशेष विवेक लागतो.

मजुरी वजनावर मिळत असल्याने त्या बायांचा एकेक क्षण पैशाचा असतो. त्यांस घोळक्याने घेरून प्रश्न विचारणे म्हणजे त्यांच्या कमाईत वाटा मागणे होय. जेवणाच्या सुटीत, मालकाच्या व मजुरांच्या दोघांच्याही संमतीने, दोन-दोन मुलांनी शेजारी बसून बोलावे. संमतीवाचून कोणाचेही छायाचित्र घेऊ नये. पालकांनी मुलांकडून ‘गंमत म्हणून’ देठ खुडवून घेऊ नयेत. ज्या कामाने दिवसभर हातांची आग होते, ते दुसऱ्याचे पोट आहे, आपला खेळ नव्हे.

आईबरोबर आलेले एखादे मूल तेथे काम करताना दिसले, तर काय? तेव्हा ही गोष्ट कार्यकर्त्याने डोळ्याआड करू नये. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्याने १४ वर्षांखालील मुलास मजुरीवर ठेवण्यास मनाई केली आहे. पाहुण्यांसमोर कोणाची अप्रतिष्ठा न करता, पण त्याच आठवड्यात, त्या मुलाच्या आईची गाठ घेऊन शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलावे. एका मुलाच्या शिक्षणासाठी निघालेल्या फेरीत दुसऱ्या मुलाचे शिक्षण बुडालेले दिसले आणि आपण पुढे चालू लागलो, तर त्या फेरीचा अर्थच उरत नाही.

सुरक्षितता

फवारणी. ही सर्वांत महत्त्वाची बाब आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेकडो शेतकरी व मजूर रुग्णालयात गेले आणि कित्येकांचे प्राण गेले. ते बहुतेक प्रौढ व सवयीचे लोक होते. मुलांचे शरीर अधिक कोवळे असते. भेटीच्या आधी कोणते औषध केव्हा फवारले, हे शेतकऱ्याने स्पष्ट सांगावे. डब्याच्या चिठ्ठीवर दिलेला प्रतीक्षाकाळ उलटल्याखेरीज मुलांस पिकात सोडू नये. शेजारच्या शेतात फवारणी चालू असेल, तर वाऱ्याची दिशा पाहून बेत बदलावा. डब्यावरील लाल, पिवळ्या, निळ्या व हिरव्या त्रिकोणांचा अर्थ मुलांस दाखवावा. मात्र डबा कुलपातच राहावा.

हात धुणे. इंग्लंडमध्ये २००९ साली सरी परगण्यात मुलांसाठी खुल्या असलेल्या एका शेतास भेट दिलेल्या ९३ जणांस जनावरांपासून पसरणाऱ्या जंतूंची बाधा झाली. त्यांत बहुतेक लहान मुले होती. गोठ्यात गाईवासरांस हात लावल्यानंतर आणि जेवणापूर्वी साबण व वाहत्या पाण्याने हात धुण्याची सक्ती असावी.

मिरचीचा दाह. तोडणीनंतर हात डोळ्यांस लावू नयेत. हातांची आग झाल्यास आधी खाद्यतेल चोळून मग साबणाने धुवावे. डोळ्यात गेल्यास तेल वापरू नये. स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावे.

इतर. मुलांच्या पायात बंद जोडे असावेत. उघड्या विहिरीजवळ व शेततळ्यावर मोठा माणूस उभा असावा. साप चावल्यास बांधणे, कापणे, मंत्र करणे यांत वेळ न घालविता रुग्णालय गाठावे. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक व तालुक्याच्या रुग्णालयाची वाट प्रत्येक टोळीप्रमुखास ठाऊक असावी.

परिसरातील इतर स्थळे

दुसऱ्या दिवशी मुक्काम असल्यास आणखी एखादे स्थळ निवडता येईल, पण एकच. जवळच उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. तेथे वनविभागाच्या नियमानेच व वाटाड्यासह जावे. रानडुकरे व वाघ यांच्या भीतीने रात्री जागल करणाऱ्या शेतकऱ्यांशी मुलांचे बोलणे करून दिले, तर वनरक्षणाचा प्रश्न त्यांस दोन्ही बाजूंनी दिसेल. पवनी हे वैनगंगेकाठचे प्राचीन नगर असून १९६९-७० च्या उत्खननात तेथे बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. त्याच नदीवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. पाणी कोणास मिळाले व गाव कोणाचे गेले, हे दोन्ही प्रश्न तेथे विचारावेत. एकच विचारून परतू नये.

गावची मुले

आता मघाशी सांगितलेला मुद्दा. रविवारी फेरी ठेवून प्रत्येक टोळीत गावच्या शाळेतील दोन मुले वाटाडे म्हणून द्यावीत. ज्या मुलास वर्गात इंग्रजीचे वाक्य येत नाही म्हणून मान खाली घालावी लागते, त्यालाच बोकड्या पडलेले पान दुरून ओळखता येते, पाखरांची घरटी ठाऊक असतात, कोणत्या बांधावरून पाय घसरतो हे माहीत असते. शहरातील मूल त्याच्यामागून चालू लागते व ‘हे तुला कसे कळले?’ असे विचारते. तेव्हा आपणास जे येते तेही ज्ञान आहे, हे त्या गावच्या मुलास बहुधा प्रथमच उमगते. शहरातील मुलाने आणलेले भिंग, नकाशा, पुस्तक गावच्या मुलाने हाताळावे. जेवण सर्वांनी एकाच पंगतीत घ्यावे. कोण कोणाच्या शेजारी बसला, याची कोणी चौकशी करू नये.

भेटीनंतर

गाडी निघून गेली म्हणजे काम संपले असे नाही. प्रत्येक मुलाने पंधरा दिवसांत शेतकऱ्यास स्वतःच्या हस्ताक्षरात पत्र लिहावे, अशी अट पालकांस आधीच घालावी. त्यात आभार दोन ओळींचे आणि आपण काय मोजले, काय कळले नाही, हे सविस्तर असावे. शेतकऱ्याने वाळलेल्या मिरचीचे वजन त्यांस कळवावे. मुलांनी ऐकून टिपून घेतलेल्या बियाणे राखण्याच्या रीती, जुन्या वाणांची नावे व खर्चाचे हिशेब यांची एक प्रत ग्रामपंचायतीच्या वाचनालयात व एक शाळेत ठेवावी. दोन-चार वर्षांत अशी वही गावचा मौल्यवान दस्तऐवज होईल. वडीलधाऱ्यांच्या स्मरणात जे आहे, ते कागदावर आणण्याचे काम आपण मोठे लोक ‘उद्या करू’ म्हणून टाळीत आलो. ते कदाचित या मुलांच्या वेड्यावाकड्या अक्षरांतून पुरे होईल.

शेतकरी बंधूंनो, आपल्या बांधावर येणारे मूल हे गिऱ्हाईक नव्हे, आणि आपण त्याच्यापुढील प्रदर्शनही नव्हे. ते शिकावयास आले आहे आणि शिकविणारे आपण आहात. ग्रामकार्यकर्त्यांनी येत्या लागणीच्या हंगामासाठी आपल्या गावातील असे एक घर आजच हेरून ठेवावे, त्या घरच्या माणसांशी बोलावे आणि पहिल्या फेरीचे निमंत्रण देतानाच दुसऱ्या फेरीची तारीख पालकांकडून पक्की करून घ्यावी. जे मूल एकदा येते, ते पाहुणा असते. पुन्हा येणारे मूल मात्र आपल्या ओळीतील झाड शोधीत येते.